धागा का तुटतो? – प्रतीत्यसमुत्पाद, चिनी विचार आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



 

समितीने मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, चिनी तत्त्वज्ञान आणि व्यवस्था-विचार. ऐकून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाचा चिनी तत्त्वज्ञानाशी संबंध काय? संबंध आहे, बंधूंनो. जो विचार आपल्या भूमीतून चीनमध्ये गेला, तिथे हजार-दीड हजार वर्षं राबला आणि आता विज्ञानाच्या भाषेत जगभर बोलला जातो, त्याची ओळख विहारात नाही करून द्यायची तर कुठे करून द्यायची? आणि हा विचार नुसता पोथीतला नाही. आपल्या नाल्याला, आपल्या गटाराला, आपल्या रोजगाराला तो लागू पडतो.

आधी व्यवस्था-विचार म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्याला सिस्टीम्स थिंकिंग म्हणतात. लुडविग फॉन बर्टालान्फी नावाचे ऑस्ट्रियाचे जीवशास्त्रज्ञ होते, त्यांचा यावरचा मोठा ग्रंथ १९६८ साली निघाला. म्हणणं साधं आहे. एखादी गोष्ट तुकडे तुकडे करून पाहिली की तिचे तुकडे कळतात, ती गोष्ट कळत नाही. तुकडे एकमेकांना कसे ओढतात, ढकलतात, ते पाहावं लागतं.

हे मी तुम्हाला गिरणीतल्या गोष्टीवरून सांगतो. सूतगिरणीच्या रिंगखात्यात शेकडो चात्या एकाच वेळी फिरत असतात. कामगाराचं काम काय, तर तुटलेला धागा सांधायचा. एप्रिल-मे महिन्यात धागे जास्त तुटायचे. मग साहेब यायचे, जॉबरला बोलायचे, जॉबर कामगाराला बोलायचा आणि शेवटी मेमो मिळायचा कामगाराला, हलगर्जीपणाचा. आता बघा, धागा तुटतो का? हवेतला ओलावा कमी झाला की कापसाचा तंतू कडक होतो, धाग्यात वीज धरते, धागा पिंजारतो. हवेत ओलावा सोडणारे फवारे बंद पडलेले असतात, कारण दुरुस्तीचा खर्च मंजूर नसतो. ब्लोरूममध्ये स्वस्तातला, आखूड धाग्याचा कापूस मिसळलेला असतो. उत्पादन वाढवायला मशीनचा वेग वाढवलेला असतो. आणि माणसं कमी केल्यामुळे एकाच कामगाराकडे आधीपेक्षा जास्त चात्या असतात.

एवढ्यावर थांबत नाही. तुटलेला धागा लवकर सांधला नाही तर कापूस रोलरला गुंडाळतो आणि शेजारचा चांगला धागाही तोडतो. म्हणजे एक तुटला म्हणून दुसरा तुटतो. दोन तुटले म्हणून कामगाराला आणखी उशीर होतो. उशीर होतो म्हणून आणखी तुटतात. घाईत मारलेला सांधा कच्चा राहतो, तो पुढे वाइंडिंग खात्यात सुटतो आणि तिथला कामगार या कामगाराला शिव्या देतो! असं हे चक्र. व्यवस्था-विचारवाले यालाच म्हणतात की परिणाम फिरून पुन्हा कारण बनतो. आणि मेमो कुणाला? जो साखळीच्या अगदी शेवटी उभा आहे त्याला.

मित्रहो, हे ऐकताना तुमच्या मनात एक शब्द आला असेल. प्रतीत्यसमुत्पाद. भगवंतांनी सांगितलं की कुठलीही गोष्ट आपोआप होत नाही, एकट्यानं होत नाही आणि देवाच्या मर्जीनंही होत नाही. कारणं जुळली की ती उपजते, कारणं मोडली की ती मावळते. या शिकवणीचा दुसरा भाग आपण पुष्कळदा विसरतो. कारण मोडता येतं! दुःख आहे एवढंच सांगून भगवान थांबले नाहीत, कुठली कडी तोडायची तेही त्यांनी दाखवलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, मागच्या जन्माच्या कर्मामुळे माणूस गरीब राहतो ही कल्पना फेटाळली. ती का फेटाळली? कारण त्या कल्पनेत माणसाच्या हाती तोडण्यासारखी कडीच उरत नाही.

आता हा विचार चीनला कसा गेला? आपण ठाणे-कल्याणची माणसं, आपल्याला त्याचा अभिमान असायला हवा. सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, १८८२ साली तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला. कल्याण हे त्या काळचं नावाजलेलं बंदर, ग्रीक दर्यावर्दी त्याचं नाव लिहून ठेवतात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. म्हणजे आज आपण विहाराला वर्गणी देतो तशी आपल्याच कल्याणच्या माणसांनी तेव्हा दिलेली आहे.

पुढे चीनमधून भिक्खू ह्युएनत्संग इकडे आले. ते इ. स. ६२९ ला निघाले आणि ६४५ ला परतले, जाताना ६५७ ग्रंथ घेऊन गेले. ६४१ च्या सुमारास ते दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात होते. इथे सुमारे शंभर विहार आणि पाच हजार भिक्खू असल्याचं त्यांनी लिहिलंय. ग्रंथ असे तिकडे गेले आणि इकडचे मूळ ग्रंथ पुष्कळसे नष्ट झाले. पुण्याचे विद्वान प्रा. पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ चिनी भाषांतरावरून अभ्यासला आणि 'विशुद्धिमग्गा'शी ताडून १९३७ साली पुस्तक काढलं. आपलंच धन आपल्याला चिनी भाषेतून परत वाचावं लागलं, अशी ही कथा आहे.

चिनी लोकांनी आपला विचार नुसता जपून ठेवला नाही, तर स्वतःच्या विचारात कालवला. त्यांच्याकडे एक जुना शब्द आहे, 'ली'. मूळ अर्थ रत्नाच्या दगडातली रेषा, त्याची ठेवण. कारागीर दगड कापतो तो त्या रेषेच्या कलानं कापतो. सुतारालाही हे कळतं, रेषेच्या उलटं रंधा मारला की लाकूड उखडतं. तर प्रत्येक गोष्टीत अशी एक अंगची रेषा असते, ती ओळखून काम करावं, हा चिनी विचार. त्यात प्रतीत्यसमुत्पाद मिसळला आणि 'ह्वायेन' नावाचा बौद्ध पंथ उभा राहिला. त्याचा आधार अवतंसक सूत्र. या पंथाचे थोर आचार्य फाझांग, इ. स. ६४३ ते ७१२.

फाझांग यांनी सगळ्या गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्यात हे दाखवायला एक युक्ती केल्याचं सांगतात. आठ दिशांना आठ आरसे, एक वर, एक खाली, असे दहा आरसे लावले. मध्ये बुद्धमूर्ती ठेवली आणि दिवा लावला. झालं काय, तर प्रत्येक आरशात मूर्ती दिसली आणि प्रत्येक आरशात बाकीच्या नऊ आरशांतली मूर्तीही दिसली. सलूनमध्ये समोरासमोर आरसे असतात तिथे आपल्या पोरांनी हे पाहिलेलं आहे. एकात सगळे आणि सगळ्यांत एक. एक आरसा हलवला की दहाही आरशांतलं चित्र हलतं.

आता एकदम आपल्या काळात येऊ. चीनचे अग्निबाणशास्त्रज्ञ छ्येन श्युएसेन १९५५ साली अमेरिकेतून मायदेशी परतले. १९७८ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर शांघायच्या दैनिकात लेख लिहिला आणि व्यवस्थाशास्त्राला चीनमध्ये मोठी चालना मिळाली. त्यांच्यासारख्यांना एक गोष्ट जाणवली. यंत्राचे नियम कळले तरी काम नीट होतंच असं नाही, कामाची आखणी हे वेगळंच शास्त्र आहे. त्यापुढे १९९४-९५ च्या सुमारास गू जीफा आणि झू झीचांग या दोघांनी इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात काम करताना तिसरी गोष्ट जोडली. माणूस! अशी त्यांची पद्धत तयार झाली. वूली, शिली, रेनली. तिन्हीत तोच जुना 'ली' आहे बघा.

वूली म्हणजे वस्तूची रेषा, वस्तू कुठल्या नियमानं चालते. चिनी भाषेत पदार्थविज्ञानाला हाच शब्द आहे. शिली म्हणजे कामाची रेषा, काम कसं आखलंय, कोण काय करतो, पैसा कुठून येतो. रेनली म्हणजे माणसांची रेषा, कुणाचं काय हित आहे, कुणाला कशाची भीती आहे, कुणाचं कुणाशी पटतं. २००० साली त्यांनी लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यात तिन्हींसाठी तीन क्रियापदं आहेत. वस्तू जाणायची, काम उमजायचं आणि माणसाची काळजी घ्यायची. मला हे फार आवडलं. काळजी हा शब्द विज्ञानाच्या लेखात! आणि त्यांच्या पद्धतीत माणसांचा मेळ घालणं हे शेवटचं काम नाही. ते मधोमध आहे, प्रत्येक पायरीला करायचं आहे.

आपल्या रिंगखात्याला हे लावून बघा. ओलावा, कापूस, वेग ही वूली. चात्या किती द्यायच्या, दुरुस्तीला पैसा कोण मंजूर करतो ही शिली. जॉबर खरं सांगायला का घाबरतो, कामगाराचं कुणी का ऐकत नाही ही रेनली. फवारे नुसते दुरुस्त केले आणि माणसं तेवढीच ठेवली तर धागा थोडा कमी तुटेल, पण तुटत राहील. माणसं वाढवली पण कापूस तसाच ठेवला तरी तुटेल. तिन्ही बघितल्याशिवाय मेमो देणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता गिरणीतून वस्तीत येऊ. आपली वालधुनी नदी. आपल्या मुलांना ती नाला म्हणूनच ठाऊक आहे, पण ती नदी आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघते. ज्या शिवमंदिरावर इ. स. १०६० चा शिलालेख आहे, त्या मंदिराच्या कडेनं येते. पुढे उल्हासनगर, मग कल्याण आणि मग उल्हास नदीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी या नदीनं आणि उल्हासनं आपल्या भागाचं काय केलं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. २०१४ साली कुणी तरी टँकरमधून रसायन नदीत ओतलं आणि उल्हासनगरात कितीतरी लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं.

चीनमध्ये पुराची एक जुनी दंतकथा आहे. गुन नावाच्या सरदारानं पूर अडवायला नऊ वर्षं बांध घातले, पाणी अडलं नाही, बांध फुटले. त्याच्या मुलानं, यूनं, बांधाचा नाद सोडला, पाण्याला वाट करून दिली आणि पूर ओसरला. ही झाली दंतकथा. पण सिचुआन प्रांतात ली बिंग नावाच्या अधिकाऱ्यानं इ. स. पूर्व २५६ च्या सुमारास मिन नदीचं पाणी धरण न बांधता, नुसतं नदीच्या कलानं वाटून दिलं. ते दुजियांगयेनचं काम आजही शेतीला पाणी देतंय. याला म्हणतात वस्तूची रेषा ओळखणं. आपण मात्र नदीच्या पात्रात भराव टाकतो आणि काठाला भिंत बांधतो. पाण्याला वाट लागते, आणि मोठ्या पावसात खाडीला भरती असेल तर पाणी उलटं तुंबतं, हे कुठल्याही आगरी-कोळी म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल.

ही झाली वूली. शिली काय आहे? नदी एक आणि तिचे मालक किती! अंबरनाथ नगरपरिषद, उल्हासनगर महानगरपालिका, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वरून रेल्वेचे पूल. तक्रार घेऊन गेलं की प्रत्येक जण पुढच्याचा पत्ता देतो. आणि रेनली? जीन्स रंगवणाऱ्या, धुणाऱ्या कारखान्यांत हातावर पोट असलेली माणसं कामाला. कारखाना बंद करा म्हटलं की तीच आधी रस्त्यावर येतात. काठावर ज्यांची झोपडी आहे त्यांना नदीची भीती वाटते, पण त्याहून मोठी भीती वाटते झोपडी पाडणाऱ्याची. म्हणून ते पुढे येऊन बोलत नाहीत. हे समजून घेतल्याशिवाय नदी साफ होणार नाही. नुसता गाळ काढून पावसाळ्याआधीचे फोटो तेवढे निघतील.

इथपर्यंत चिनी पद्धत आपल्या उपयोगाची आहे. पण बंधू-भगिनींनो, आंबेडकरी माणसानं कुठलाही विचार डोळे मिटून घ्यायचा नसतो. बाहेरचाही नाही आणि आपलाही नाही. या विचारात मला दोन धोके दिसतात.

पहिला धोका असा. सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे म्हटलं की कुणीच जबाबदार उरत नाही. अधिकारी हात झटकून म्हणेल, अहो, ही व्यवस्थाच अशी आहे, मी एकटा काय करणार? हा प्रतीत्यसमुत्पाद नव्हे, ही पळवाट आहे. साखळीतल्या सगळ्या कड्या सारख्या जाड नसतात. कुणाच्या हातात सही असते, कुणाच्या हातात झाडू.

दुसरा धोका त्याहून मोठा. चिनी विचाराला मेळ फार प्रिय. घरात, दरबारात, समाजात प्रत्येकानं आपल्या पायरीनं वागावं म्हणजे सुसंवाद राहतो, असं कन्फ्यूशियसच्या परंपरेत पुष्कळांनी सांगितलं. पायरी हा शब्द ऐकला की आपले कान टवकारायला पाहिजेत! ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली, ज्याला मजले आहेत पण जिना नाही. पुढे त्यांनी त्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. ही रचना टिकते कशी, तर प्रत्येक मजल्याखाली आणखी एक मजला असतो, म्हणून वरच्याशी भांडायला कुणी उठत नाही. मला विचाराल तर बाबासाहेब हे आपल्या देशातले फार मोठे व्यवस्था-विचारक होते. त्यांनी एकेका माणसाच्या वाईटपणाला दोष दिला नाही, रचना दाखवून दिली.

आता हे गटाराला लावून बघा, म्हणजे मी का तळमळून बोलतोय ते कळेल. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेत एक माणूस विहीर साफ करायला उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा, मग अग्निशमन दलाचे जवान. पाच जण गेले, त्यांत दोन जवान. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळी भागात एका गृहसंकुलातली सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. दोन दिवस बातम्या येतात आणि पुढे सगळं थंड होतं.

वूली सांगते की बंद टाकीत, विहिरीत विषारी वायू साठतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटतं वास गेला, धोका गेला. म्हणून एक पडला की त्याला वाचवायला उतरणारा दुसराही पडतो. हे प्रत्येक घरातल्या पोराला पाठ असायला पाहिजे. वायू तपासल्याशिवाय, श्वासाचं उपकरण आणि दोर असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, वाचवायलासुद्धा नाही.

शिली सांगते की कायदा आहे. १९९३ ला एक झाला, २०१३ ला दुसरा झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण काम जातं ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून उपठेकेदाराकडे आणि शेवटी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे. ज्याला कायद्याचं नावही ठाऊक नाही.

आणि रेनली? इथे चिनी पद्धत विचारते, सगळ्यांचा मेळ बसला का? सोसायटी खूश, ठेकेदार खूश, मरेपर्यंत मजूरही पाचशे रुपये मिळाले म्हणून खूश. मेळ तर बसलाच की! म्हणून मी म्हणतो, चिनी लोकांच्या तीन प्रश्नांना आपण चौथा प्रश्न जोडला पाहिजे, आणि तो बाबासाहेबांच्या विचारातून येतो. या रचनेत सर्वांत खाली कोण आहे, आणि त्याला कुणी विचारलं का? टाकीत नेहमी त्याच समाजातली माणसं का उतरतात, हा प्रश्न वायूच्या शास्त्रात नाही आणि ठेक्याच्या कागदातही नाही. तो विचारणारा माणूस लागतो. तो आपल्यातूनच उभा राहायला हवा.

अमेरिकेच्या जोअॅना मेसी नावाच्या बौद्ध अभ्यासक होत्या, २०२५ साली त्या वारल्या. बुद्धाची परस्परकारणता आणि आधुनिक व्यवस्थाशास्त्र यांचा मेळ घालणारा त्यांचा ग्रंथ १९९१ साली निघाला. माझ्यासारख्याला त्यातून एवढं समजलं की आपण व्यवस्थेच्या बाहेर उभे राहून तिच्याकडे बघत नाही, आपण तिच्यातच आहोत. नाल्यात जाणारी प्लास्टिकची पिशवी आपलीही असते. सोसायटीच्या बैठकीत सर्वांत स्वस्त ठेकेदाराला हात वर करणारा कधीकधी आपलाच भाऊ असतो. फाझांगच्या दहा आरशांत एक आरसा आपला आहे. तो आपल्याला हलवता येतो.

म्हणून विहाराला माझी एक सूचना आहे. एक जाड वही ठेवा. वस्तीत काही बिघडलं, पाणी तुंबलं, अपघात झाला, कुणाचं काम सुटलं, शाळेतून मूल गळालं, तर त्या वहीत चार रकाने भरा. वस्तू काय सांगते, काम कसं आखलंय, माणसांना काय हवंय आणि कशाची भीती आहे, आणि सर्वांत खाली कोण आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यावर बोला. लिहायला दहावी-बारावीची मुलं-मुली घ्या, सांगायला म्हाताऱ्या आज्या घ्या, कारण जुना नाला कुठून वाहायचा ते त्यांनाच माहीत आहे. निवेदन द्यायला जाल तेव्हा ही वही बरोबर न्या. चार रकाने भरलेल्या माणसाला अधिकारी सहजासहजी पुढच्या खिडकीवर पाठवू शकत नाही.

आणि कडी कुठली तोडायची ते त्या वहीतच सापडेल. सगळी साखळी एका दिवसात तुटत नाही. आपल्या हाताला येईल अशी एक कडी आधी धरायची. या पावसाळ्यापुरती मी सांगतो. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही सोसायटीत, कुठल्याही चाळीत, टाकीत माणूस उतरवायचा नाही. यंत्र मागवा, वर्गणी थोडी जास्त काढा. एवढी एक कडी आपण सर्वांनी मिळून तोडली, तरी आजचा वर्धापन दिन कारणी लागला असं मी समजेन.



जयभीम! नमो बुद्धाय!